छोट्या गाडीतून बागेची माती, खत, फरशी आणणे: किती जमते, कसे आणावे?

अनघा_त

नमस्कार मंडळी. बागकामावर इथे भरपूर धागे आहेत, पण बागेचं सामान घरापर्यंत आणायचं कसं यावर सलग काही सापडलं नाही, म्हणून हा नवा धागा.

तळेगाव दाभाड्याला आईबाबांचं बैठं घर आहे. मागच्या दारी बारा बाय दहा फुटांचा तुकडा रिकामा आहे. बाबा निवृत्त झालेत आणि त्यांना तिथे भाजी लावायची आहे. भेंडी, गवार, अळू, कढीपत्ता, एखादं लिंबाचं कलम. जमीन मुरमाड, टिकाव मारला की ठिणगी उडते अशी. त्यामुळे बाहेरून माती आणावी लागणार असं धरून चाललो आहोत. शिवाय मागच्या दारापासून बागेपर्यंत पंधरा फूट लांब, दोन फूट रुंद पायवाट करायची आहे. पावसात तिथे चिखल होतो आणि आईचा पाय घसरतो. या सगळ्यातलं मला सर्वांत महत्त्वाचं काम तेच वाटतं.

आमच्याकडे पेट्रोलवरची वॅगनआर आहे. बाबांचा बेत असा की सोलापूर रस्त्याला मांजरी, उरुळी कांचनकडे ज्या रोपवाटिका आहेत तिथून दर रविवारी थोड्या थोड्या गोण्या आणायच्या. टेम्पो नको म्हणतात, कारण आमची बोळ अरुंद आहे आणि टेम्पो आत येणारच नाही असं शेजारी सांगतात.

मी वहीत मांडलेला हिशेब असा. १२ × १० फुटांवर सहा इंच मातीचा थर म्हणजे ६० घनफूट. कोरडी भुसभुशीत माती घनफुटाला साधारण ३५ किलो धरली तरी २१०० किलो होतात. दोन टनांच्या वर! गाडीच्या पुस्तिकेत भरलेल्या गाडीचं कमाल वजन १३४० किलो दिलंय आणि रिकामी गाडी ८३० च्या आसपास. म्हणजे माणसं धरून पाचशे किलो. त्यातलं मातीसाठी खरंच किती वापरावं? हे पाचशे किलो डिकीत टाकले तर चालतात का? फरशा गाडीतून आणाव्यात का? ज्यांनी केलंय त्यांनी सविस्तर लिहा, प्लीज. बाबांना हाच धागा वाचून दाखवणार आहे.

सोनचाफा

अगदी माझ्या जिव्हाळ्याचा विषय! आमची गच्चीवरची बाग जवळजवळ सगळी हॅचबॅकमधून आलेली आहे. करता येतं, नक्की करता येतं. काही गोष्टी पाळायच्या.

मागची सीट पाडायची. त्यावर आधी जाड प्लास्टिक, त्यावर ताडपत्री, आणि ताडपत्रीच्या कडा खिडकीच्या काचेपर्यंत वर घ्यायच्या. नुसती जुनी चादर टाकली तर शेणखताचा ओलावा तिच्यातून सीटच्या फोममध्ये उतरतो आणि तो वास पुढचा पावसाळाभर जात नाही. गोणी घेताना तिचं तोंड सुतळीने घट्ट शिवलेलं पाहून घ्या. रोपवाटिकेत बऱ्याचदा नुसती पीळ मारून देतात, ती गोणी पहिल्याच गतिरोधकाला सुटते. सुतळी आणि दाभण मी कायम गाडीत ठेवते.

खत कुजलेलं आहे का ते तिथेच हातात घेऊन बघा. चांगलं कुजलेलं शेणखत काळसर, भुरभुरीत असतं, त्याला पावसाच्या पहिल्या सरीनंतरच्या मातीसारखा वास येतो. नाकाला झोंबलं तर ते कच्चं आहे. कच्चं खत बंद गाडीत घेऊन तासभर प्रवास करणं त्रासाचं असतं, डोळे चुरचुरतात. आणि त्यातून हुमणीच्या अळ्या बागेत येतात त्या वेगळ्याच.

चाकजोड

माझं गॅरेज आहे, म्हणून थोडं गाडीच्या बाजूने लिहितो.

अनघाताई, पुस्तिकेतला आकडा तुम्ही शोधलात हे फार बरं केलंत. बहुतेक लोक डिकीत मावतंय ना, एवढंच बघतात. माती आणि वाळूच्या बाबतीत जागा कधीच संपत नाही, त्याआधी गाडीची ताकद संपते. वॅगनआरची डिकी ३४१ लिटरची आहे. ती ओल्या रेतीने काठोकाठ भरली तर सहाशे किलोच्या आसपास जाईल, म्हणजे एकट्या डिकीतच मर्यादा ओलांडली. तीच डिकी कोरड्या पाल्याने भरली तर गाडीला कळणारसुद्धा नाही.

ते पाचशे किलो पूर्ण गाडीत सगळीकडे वाटलेले असतात, पाच माणसं पाच जागी बसतात तसे. सगळं वजन मागच्या चाकांच्याही मागे, डिकीत, गेलं की गाडीचं नाक उचलतं. स्टिअरिंग हलकं लागतं, पुढच्या चाकांची पकड कमी होते आणि रात्री आपला दिव्याचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. दिव्याची उंची कमी करायची चकती असेल तर ती फिरवा, पण मुळात वजन पुढे घ्या. जड गोणी मागच्या सीटच्या पायाजवळच्या खोलगट जागेत ठेवा. ती जागा सर्वांत खाली आहे आणि दोन्ही चाकांच्या मधे आहे. पाडलेल्या सीटची पाठ म्हणजे जमीन नव्हे. पन्नास किलोची गोणी तिच्यावर आपटली तर आतली पट्टी वाकते, मग सीट परत उभी करून कुलूप लागत नाही. खाली प्लायवूडचा तुकडा टाका.

माझं मत विचाराल तर फक्त चालक असताना माल दोनशे ते अडीचशे किलो, त्याच्या वर नाही. कागदावर जास्त बसतं, पण आपले रस्ते, आपले गतिरोधक आणि जुने झालेले शॉकअप धरून हा आकडा सांगतोय.

अजून दोन गोष्टी. चालकाच्या दाराच्या खांबावर टायरच्या हवेचं स्टिकर असतं. त्यात पूर्ण भाराचा आकडा असेल तर निघायच्या आधी, टायर थंड असताना, तेवढी हवा भरा. आणि स्टेपनी! ती डिकीच्या तळाखाली असते. वर गोण्या रचल्या आणि हायवेला पंक्चर झालं की सगळा माल रस्त्याच्या कडेला उतरवावा लागतो. भरण्याआधी स्टेपनी, जॅक, पाना बाहेर काढून सहज हाताला येतील असे ठेवा.

घाटवाट

चाकजोड दादांना अनुमोदन. त्यात भर एवढीच की ब्रेक लांबतो. सासवडहून दिवे घाटाने हडपसरकडे उतरताना भरलेल्या छोट्या गाडीत सतत ब्रेकवर पाय ठेवला तर खाली पोचेपर्यंत जळका वास येतो. ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं आणि पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवायचं.

आणि माल बांधा. अचानक ब्रेक लागला की सुटी वीट किंवा कुंडी सरळ चालकाच्या डोक्याच्या दिशेने येते. सीटच्या पाठीच्या वर काहीही रचू नका. मागचे सीटबेल्ट गोण्यांवरून ओढून लावता येतात, तेवढ्यानेही बराच फरक पडतो. अशा फेरीत लहान मुलांना मागे गोण्यांच्या शेजारी बसवणारे लोक बघितलेत. कृपया नका करू असं.

काळी_माती

मी शेतीचं शिकलेय आणि माझं मत सगळ्यांपेक्षा थोडं वेगळं आहे. अनघा, दोन टन माती आणायचीच कशाला?

मुरूम वाईट नसतो. पाण्याचा निचरा उत्तम होतो. त्यात कमी असतात त्या दोन गोष्टी, सेंद्रिय पदार्थ आणि ओल धरून ठेवायची ताकद. या दोन्ही गोष्टी हलक्या आहेत, आणि म्हणूनच त्या छोट्या गाडीतून आणण्यासारख्या आहेत.

असं करा. एखाद्या माणसाला लावून तो तुकडा नऊ इंच खणून घ्या. निघालेलं सगळं चाळून घ्या, मोठे दगड वेगळे काढा. ते फेकू नका, पायवाटेच्या खाली भरायला लागतील. मग त्यावर दोन इंच शेणखत पसरा. १२० चौरस फुटांवर दोन इंच म्हणजे २० घनफूट. भुरभुरीत कुजलेलं खत मातीच्या निम्म्या वजनाचं असतं, सगळं मिळून तीनशे किलोच्या आसपास होईल. खताच्या मोठ्या गोणीत तीसेक किलो बसतं, म्हणजे दहा गोण्या.

कोकोपीट सुटं, ओलं कधीच आणू नका. त्याच्या पाच किलोच्या दाबलेल्या विटा मिळतात. घरी पाण्यात टाकल्या की एक वीट फुगून सत्तर लिटरच्या आसपास होते. सहा विटा, म्हणजे तीस किलो, पायाशी ठेवून आणल्या की घरी पंधरा घनफूट भरणा तयार. पाणी आपल्या नळाचं, ते गाडीतून का वाहायचं? एकदा साध्या पाण्यात भिजवून ते पाणी ओतून द्या, नारळाच्या काथ्यात क्षार असतात. आणि कोकोपीटमध्ये अन्न नाही, ते फक्त ओल धरतं. खताची जागा त्याला देऊ नका.

बाकी पालापाचोळा. सोसायट्यांमध्ये झाडून पोत्यात भरून ठेवतात आणि जाळतातसुद्धा, बघून जीव तुटतो. तो मागून घ्या. पोती मोठी असतात पण उचलायला काहीच नाहीत. उसाचं पाचट मिळालं तरी उत्तम. आच्छादन म्हणून पसरलं की पहिल्याच पावसाळ्यात गांडुळं दिसायला लागतील.

जीवामृतही करून बघा. वीस लिटर पाण्याला एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र, शंभर ग्रॅम गूळ, शंभर ग्रॅम बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवून रोज दोनदा ढवळायचं. एका बादलीएवढं सामान आहे, त्याला स्कूटरसुद्धा पुरते.

माती आणायचीच असेल तर वर दोन इंच पुरे आहे. सहा इंच नको.

अनघा_त

काळी_माती, हे वाचून मी बाबांना लगेच फोन लावला. दोन टनांचं ओझं डोक्यावरून उतरल्यासारखं झालंय. खणण्याचा मुद्दा त्यांना एकदम पटला. "खालचा दगड काढल्याशिवाय मुळं जाणार कुठे," असं आता तेच मला सांगतायत.

दोन इंच माती म्हणजे वीस घनफूट, सातशे किलो. तेवढी माती आणि पायवाटेचं सामान, एवढाच प्रश्न उरतो.

कातळसडा

रत्नागिरीहून लिहितोय. लाल मातीबद्दल एक सांगायचं आहे. सुट्टीत गावी आलेले लोक परतताना डिकीत घरची एक गोणी माती घेऊन जातात. माझी बहीणही नेते, अबोलीच्या झाडासाठी. त्यात गैर काही नाही आणि त्यामागची माया मला समजते. पण माती पावसाआधी, पूर्ण कोरडी असताना भरा. ओली तांबडी माती जड तर असतेच, आणि तिचा डाग कापडी सीटवरून निघत नाही. आमच्याकडच्या पांढऱ्या गाड्यांची दारं आतून कशी दिसतात ते येऊन बघा.

गोणी घरी नेल्यावर लगेच कुंडीत ओतू नका. काळ्या प्लास्टिकवर पातळ पसरून चार-आठ दिवस कडक उन्हात तापवा. वाळवी, गोगलगायींची अंडी मातीबरोबर प्रवास करतात. शंखी गोगलगाय एकदा बागेत शिरली की रोज रात्री बॅटरी घेऊन वेचत बसावं लागतं.

चिरा गाडीतून आणायचा विचार कोणी करत असेल तर नको. एक जांभा चिरा तीस किलोच्या आसपास भरतो. आठ चिऱ्यांत तुमची अडीचशेची मर्यादा झाली, आणि आठ चिऱ्यांत वाफ्याची एक बाजूही होत नाही. चिरा ट्रकनेच जातो, तेच बरं. वाफ्याची कड करायला चिरेखाणीवर फुटके तुकडे मिळतात, ते गोणपाटात गुंडाळून थोडे आणता येतात.

फरशीवाला_नाना

माझा शहाबादी आणि कडप्प्याचा व्यवसाय आहे. अनघाताईंच्या पायवाटेसाठी लिहितो.

दोन बाय दोनची, इंचभर जाडीची शहाबादी फरशी पंचवीस किलोच्या आसपास असते. ती एकट्या माणसाने वाकून डिकीतून काढायची म्हणजे कंबर गेली. त्यापेक्षा दुकानातच एक बाय दोनचे तुकडे कापून मागा. प्रत्येकी बारा किलो, दोन हातांत नीट बसतात. पंधरा फुटांच्या वाटेला पंधरा तुकडे, म्हणजे १८० किलो.

गाडीतून न्यायच्या असतील तर फरशा आडव्या एकावर एक रचू नका. खड्ड्यात गाडी आदळली की तळातली फरशी मधोमध तडकते. आम्ही फरशा नेहमी कडेवर उभ्या ठेवून नेतो, दोन फरशांच्या मधे गवत किंवा गोणपाट. छोट्या गाडीत उभी फरशी धरायला घोडी, म्हणजे टेकवायची चौकट, नसते, हीच अडचण आहे. चार-पाच तुकडे मागच्या सीटच्या पायाशी उभे घालून दोन्ही बाजूंनी कोकोपीटच्या विटा किंवा खताची गोणी घट्ट लावली तर हलत नाहीत. पंधराच्या पंधरा मी तरी तसे नेऊ देणार नाही.

पायवाटेखाली दोन इंच क्रश सँड, म्हणजे दगडाची बारीक कच, लागेल. ती पाच घनफूट, सव्वादोनशे किलो. ही मात्र अजिबात गाडीत घेऊ नका. बारीक कच सीटच्या रुळांत जाऊन बसते आणि मग सीट पुढेमागे सरकत नाही. फरशीला थोडा उतार द्या, घरापासून बाहेरच्या बाजूला. आणि आईंसाठी करताय तर पॉलिश केलेली नको, खरबरीत तोंडाचीच घ्या. पावसात पॉलिश फरशीवर शेवाळ धरलं की चिखल परवडला असं होईल.

सोनचाफा

नाना, हा खरबरीत फरशीचा मुद्दा सोन्यासारखा आहे. लिहून ठेवला.

कलम_१८८

धाग्यावर कायद्याचं कोणी लिहिलेलं नाही म्हणून लिहितो. घाबरवायचा हेतू नाही, पण माहीत असावं.

मोटार वाहन कायद्यात २०१९ ला बदल झाले. त्यानुसार मर्यादेपेक्षा जास्त वजन भरल्यास वीस हजार रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार. माल गाडीच्या अंगाबाहेर, म्हणजे बाजूला, पुढे, मागे किंवा परवानगीपेक्षा उंच निघाला तर त्यालाही वीस हजार दंड आहे. बांबू, जाळी, पाइप डिकी उघडी ठेवून नेणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. उघड्या डिकीतून नंबर प्लेट आणि मागचे दिवेही दिसत नाहीत, मागून येणाऱ्याच्या दृष्टीने तेच जास्त धोक्याचं.

दुसरं म्हणजे विमा. खासगी गाडीच्या पॉलिसीवर वापराच्या मर्यादा म्हणून एक परिच्छेद छापलेला असतो. त्यात भाड्याने वापर, शर्यती यांच्याबरोबर मालवाहतूकही वगळलेली असते. नमुने आणि वैयक्तिक सामान एवढ्याला मुभा. घरच्या बागेसाठी दोन गोण्या नेणं वेगळं आणि गाडी मातीने ठासून भरणं वेगळं. अपघात झाला तर वाद कशावरून होईल, हे आपली पॉलिसी काढून वाचलं की लक्षात येतं. एकदा वाचाच.

तिसरं, माती कुठून घेताय? माती, मुरूम, वाळू ही गौण खनिजं आहेत. नदीकाठची किंवा डोंगराच्या कडेची माती "कोणाची नाही" म्हणून गोणीत भरायची नाही, तिला परवाना आणि स्वामित्वधन लागतं. रोपवाटिकेतून बिल घेऊन विकत घ्या. २०१७ पासून "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" योजनेत तलावांचा गाळ शेतकऱ्यांना मिळतो. तुमच्या ओळखीत कोणी शेतकरी असेल तर त्याच्या शेतावर असा गाळ पडलेला असू शकतो. भाजीला तो फार चांगला.

एडिसनकर

इथे न्यू जर्सीत दर एप्रिल-मे मध्ये हाच विषय आमच्या प्रत्येक मराठी घरात असतो. मल्च! म्हणजे झाडाच्या सालीचा, लाकडाचा भुगा. झाडांच्या बुंध्याभोवती पसरतात, तुमच्याकडचं पाचटाचं आच्छादन तसंच.

मला इथली एक गोष्ट फार आवडते. प्रत्येक गाडीच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतं, त्यावर माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल तो थेट आकडा छापलेला असतो. बऱ्याच सेडान गाड्यांवर तो ८५० पौंडांच्या जवळपास असतो, म्हणजे ३८५ किलो. रिकामी-भरलेली वजाबाकी करायला लागत नाही. भारतातल्या गाड्यांवरही हे ठळक छापलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

मल्चची पिशवी दोन घनफुटांची असते. एक घनयार्ड म्हणजे २७ घनफूट, साडेतेरा पिशव्या. कोरडी असेल तर एका माणसाला सहज उचलते, पण दुकानाबाहेर पावसात भिजलेल्या ढिगातली पिशवी वजनाने दीडपट-दुप्पट लागते. म्हणून आम्ही चार दिवस कोरडे गेले की मगच जातो. मिनीव्हॅनच्या मागच्या सीट जमिनीत दुमडतात, त्यामुळे पिशव्यांना ती फार सोयीची आहे. खडी किंवा मातीला मात्र नाही. एक घनयार्ड खडी सव्वा टनाच्या पुढे जाते. ती खडी विकणाऱ्या यार्डातून घरी टाकून घ्यायची किंवा दुकानातून तासावर छोटा ट्रक भाड्याने घ्यायचा. सगळं आपल्याच गाडीतून करायचा अट्टहास इथले जुनेजाणते करत नाहीत.

राइनकाठ

जर्मनीत लहान गाडीला मागे ट्रेलर लावायची पद्धत आहे. साध्या 'ब' वर्गाच्या लायसन्सवर ७५० किलो एकूण वजनाचा ट्रेलर ओढता येतो, फक्त गाडीच्या कागदांवर तेवढी परवानगी हवी. बांधकाम-बागकामाच्या मोठ्या दुकानांत तो तासावर भाड्याने मिळतो. ट्रेलर असताना ऑटोबानवरही ताशी ८० ची मर्यादा. माती, खडी, छाटलेल्या फांद्या सगळं त्यातून, गाडी आतून स्वच्छ. भारतात खासगी गाडीमागे हे रुजलं नाही, पण छोटा हत्ती इतका सहज मिळतो की त्याची उणीवही वाटत नसावी.

अनघा_त

राइनकाठ, छोटा हत्तीच तर बोळीत येत नाही म्हणतात ना. तिथेच सगळं अडलंय.

चाकजोड

ताई, थांबा. बोळीची रुंदी मोजली आहे का कोणी? टेपने?

टाटा एस, म्हणजे आपला मूळ छोटा हत्ती, दीड मीटर रुंद आहे. १५०० मिलिमीटर. तुमची नवी वॅगनआर १६२० मिलिमीटर. जिथे तुमची गाडी जाते तिथे रुंदीच्या हिशेबाने छोटा हत्ती जायलाच हवा. लांबीही ३.८ मीटर, वॅगनआरपेक्षा जेमतेम वीतभर जास्त. शेजाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मोठा टेम्पो असेल, चौदा फुटी वगैरे. तो नाही येणार, खरं आहे.

आरसे बाहेर येतात ते दुमडता येतात. बघायचं असतं ते उंचीकडे. एसची केबिन वॅगनआरपेक्षा उंच आहे, वर लोंबणाऱ्या केबलच्या वायरी, आंब्याची फांदी, कोणाच्या पागोळ्याचा पत्रा, हे बघा. आणि गटाराची झाकणं. भरलेली गाडी तुटक्या झाकणावर गेली तर चाक आत.

एसला साडेसातशे किलोच्या आसपास माल चालतो. तुमची सातशे किलो माती एका खेपेत झाली.

अनघा_त

चाकजोड दादा! आत्ता बाबांना टेप घेऊन बोळीत पाठवलंय. सर्वांत अरुंद ठिकाणी, नळाच्या मीटरपाशी, १९३ सेंटिमीटर भरली. कोपरा एकच आहे आणि आमची गाडी तिथे एका दमात वळते. वर एक केबल लोंबतेय, ती उचलून बांधता येईल. इतकी वर्षं "येत नाही" म्हणून सगळेच ऐकत होतो, मोजलं कोणीच नव्हतं!

घाटवाट

वा! मग माती सुटी घेऊ नका, गोण्यांत भरून घ्या. सुटी माती दारात ओतली की ती फावडं-घमेल्याने पुन्हा आत न्यायची, आणि तोवर बोळ बंद. गोण्या चाळीस किलोच्या आतच भरायला सांगा. निवृत्त माणसाने पन्नास किलो उचलायचे नाहीत, मदतीला कोणी नसेल तर पंचवीसच्या. टेम्पोवाल्याशी ठरवताना चढवणं-उतरवणं धरून भाडं ठरवा, नाहीतर दारात आल्यावर हमालीवरून कटकट होते.

काळी_माती

आणि लिंबाचं कलम मात्र टेम्पोत टाकू नका, ते तुमच्या गाडीतूनच आणा. चालकाशेजारच्या सीटच्या पायाशी पिशवी उभी ठेवायची, शेंडा सीटकडे झुकवून सीटबेल्टने सैल बांधायचा. काच बंद. उघड्या काचेच्या वाऱ्याने तासाभरात पानं कोमेजतात. कलमाचा जोड कशालाही टेकू देऊ नका, तिथेच ते मोडतं.

अनघा_त

सगळ्यांचे खूप आभार. बाबांबरोबर बसून असं ठरवलंय:

आधी खणून घेणे. मग वॅगनआरमधून शेणखताच्या दहा गोण्या आणि कोकोपीटच्या विटा, दोन फेऱ्यांत. पाचपाच गोण्या आणि निम्म्या विटा म्हणजे एका फेरीत पावणेदोनशे किलोच्या आत. खताला मांजरीपर्यंतही जात नाही, वडगावच्या पुढे एका गोठ्यावर जुनं कुजलेलं खत आहे, उद्या हातात घेऊन बघून येते. लाल माती गोण्यांतून एका छोट्या हत्तीने. फरशा आणि क्रश सँड मिळून चारशे किलो, ते दुसऱ्या खेपेला, दुकानातूनच थेट. कलम शेवटी, पहिला पाऊस पडून गेल्यावर.

पॉलिसीही काढून वाचली. कलम_१८८ म्हणाले ते वाक्य तिथे आहे.

एक प्रश्न राहिला. माती आणि खत आठवडाभर आधी येऊन पडेल. वळिवाचा पाऊस आला तर ते अंगणात कसं ठेवावं?

सोनचाफा

जमिनीवर थेट नको. खाली दोन-तीन विटा आणि फळी, त्यावर गोण्या, वरून ताडपत्री आणि कडेला दगड. खताच्या गोण्यांची तोंडं थोडी सैल करून ठेव, आत वाफ धरली तर खत तापतं. मातीच्या गोण्या मात्र घट्टच असू देत. भिजली तर पसरताना गोळे होतात आणि दुप्पट जड लागतात.

फरशीवाला_नाना

फरशा पावसात राहिल्या तरी काही होत नाही. भिंतीला उभ्या टेकवून ठेवा. पायवाट मात्र पाऊस लागायच्या आधीच बसवून घ्या, ओल्या मुरमावर कच नीट दाबली जात नाही.